‘तोवर’चा रकाना

सकाळी ६

बालाजीच्या देवळातली घंटा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येते. तिच्यासोबत मी उठते आणि तोंड धुवायच्या आधी मोबाइलवर आयुष्मानचं लॉगिन करून बघते. सर्व्हर कसा आहे, त्यावर माझा दिवस ठरतो. नऊच्या आत तो शहाण्या बैलासारखा चालतो, अकरा वाजले की चिखलात बसतो. म्हणून सत्तरीपुढच्या माणसांना मी लवकरच बोलावते. तसंही ती पहाटे चारलाच उठून बसलेली असतात.

देऊळगाव राजात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं करते. पण गेलं वर्षभर दुकानातल्या खुर्च्या अडवून असतात ती म्हातारी माणसं. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केलं, तेव्हापासून. सत्तर वर्षं पूर्ण झालेला कुणीही असो, मजूर की बागायतदार, त्याला वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन मोफत उपचार. उत्पन्नाचा दाखला नको, रेशन कार्ड नको. आधार आणि त्यावरची जन्मतारीख बस.

कार्ड काढायला पाच मिनिटं लागतात. समजावून सांगायला वीस. पहिली पाच मिनिटं हेच आपलं काम, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. ते किती महागात पडलं, ते पुढे सांगते.

सकाळी ७.३०

शटर अर्धं वर केलं तोच मेहुणा राजाकडचं एक जोडपं पायरीवर बसलेलं. पहिल्या काळी-पिवळीने आलेले. बाबा ७६ चे, माय ७२ ची. जिजाऊ जयंती होऊन आठवडा झालाय, थंडी आहे, दोघांनी एकच घोंगडी अंगावर घेतलेली.

बाबांचा अंगठा मशीन घेईना. उजवा, डावा, मग एकेक बोट. कापूस वेचून वेचून रेषाच गेलेल्या. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर पोराचा, आणि पोरगा ट्रकवर गुजरातेत. शेवटी चेहऱ्यावर आले. मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, “बाबा, डोळे मिटा, उघडा.”

“काहून व? फोटोत डोळे मिटू नये म्हणतेत लोकं, अन् तू मिटाले सांगतीस.”

पापणी लवली की माणूस जिवंत आहे, खरा आहे, हे त्या यंत्राला कळतं. मी तसं सांगितल्यावर बाबांनी इतक्या वेळा डोळे मिचकावले की माय हसायला लागली.

दोघांची कार्डं निघाली. बाबांनी हिशेब केला, “म्हंजे दोघायचे दहा लाख.” नाही. एका घरातले सत्तरीपुढचे जेवढे, तेवढ्यांत मिळून पाच लाख. पण त्यांच्या पोराचं घर आधीपासून आयुष्मानमध्ये आहे. त्या घरचे पाच लाख वेगळे आणि हे म्हाताऱ्यांचे वरचे पाच वेगळे. या पाचांत पोरं-नातवंडं हात घालू शकत नाहीत.

“म्हंजे आमचा डबा येगळा,” माय म्हणाली. मला हे जमलं नसतं. तेव्हापासून मीही सगळ्यांना ‘डबा’ म्हणूनच सांगते.

कार्डाला सरकारी फी नाही. मी छपाईचे आणि लॅमिनेशनचे तेवढे घेते, आणि तेही भिंतीवर लिहून ठेवलंय.

सकाळी ९

निवृत्त गुरुजी आले. जिल्हा परिषदेचे, वय ७२, इस्त्रीचा सदरा, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. “बाई, हे वय वंदना दरमहा किती देतं?”

हा घोळ रोज एकदा तरी होतो आणि त्यात चूक गुरुजींची नाही. ‘वय वंदना’ नावाची दुसरी योजना खरंच होती. प्रधानमंत्री वय वंदना, एलआयसीची, २०१७ मध्ये आलेली. तीत पैसे ठेवायचे आणि पेन्शन घ्यायची. ३१ मार्च २०२३ नंतर ती नव्यांसाठी बंद झाली. नाव मात्र लोकांच्या डोक्यात राहिलं, आणि सरकारने तेच कार्डावर पुन्हा वापरलं.

गुरुजींचा खरा प्रश्न दुसराच निघाला. पुण्यातला मुलगा त्यांच्यासाठी एका खासगी कंपनीचा आरोग्य विमा भरतो. “हे कार्ड काढलं तर तो बाद होईल का?” होत नाही. खासगी विमा असलेल्यालाही वय वंदना मिळतं. “मग तो बंद करून टाकतो. पोराचा खर्च वाचेल.”

इथे मी हात कीबोर्डवरून काढते. बंद करा किंवा ठेवा असं सांगणारी मी कोण? पण तीन गोष्टी समोर मांडते. सरकारी कार्ड योजनेत घेतलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयातच चालतं. खासगी विमा त्याबाहेरच्या रुग्णालयातही उपयोगी पडतो. दुसरं, आज बंद केलेली पॉलिसी उद्या नव्याने घेतली तर बीपी-शुगरसारख्या जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी कार्डाला असं थांबणं नाही, जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून धरतात. तिसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. मुलाला विचारा, हप्ता कमी झाला का.

गुरुजींनी तिन्ही मुद्दे कात्रणाच्या मागे आकडे टाकून लिहून घेतले. सवय.

सकाळी ११

सर्व्हर बसला. स्क्रीनवर गोल फिरतंय. दुकानात अकरा माणसं, आणि गप्पांना वय हाच विषय. साठीला बँक ज्येष्ठ नागरिक म्हणते. पासष्टीला एसटीचं अर्धं तिकीट आणि श्रावणबाळ योजना. पंच्याहत्तरीला एसटी फुकट. सत्तरीला हे कार्ड. एक आजोबा म्हणाले, “सरकार आपल्याले हप्त्या-हप्त्यानं म्हातारं करते.”

कोपऱ्यात साठीतला एक शेतकरी फाइल मांडीवर घेऊन गप्प बसलेला. त्याचं रेशन कार्ड पांढरं. पिवळं-केशरी असेल तरच दवाखान्याची योजना, पांढरं म्हणजे श्रीमंत, हे त्याला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगितलेलं. ते तेव्हाही आपल्याकडे पूर्ण खरं नव्हतं.

गोल फिरतंय तोवर मी ती गोष्ट सांगते. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, आधी आठच जिल्ह्यांत. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. पिवळं आणि केशरी कार्ड तीत होतंच. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही घेतले. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. अमरावती विभाग म्हटला की आपला बुलढाणा आलाच. त्या यादीत नाव असणं काही मिरवायची गोष्ट नाही, पण त्या यादीमुळे आपला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी आधीपासून योजनेत होता. २०१७ मध्ये योजनेला महात्मा ज्योतिबा फुले यांचं नाव दिलं. तेव्हा दीड लाखाचं कवच होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख केलं आणि रंगांची भानगडच संपवली. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड असलेलं कुटुंब तीत बसतं. शेतकरी असो, नसो.

त्या माणसाने फाइलमधून कार्ड काढलं आणि पहिल्यांदाच पाहिल्यासारखं उलटून-पालटून पाहिलं.

दुपारी १२.३०

आता माझी चूक सांगते, कारण ती ज्यांच्याबाबत झाली, तसंच माणूस आत्ता समोर येऊन बसलंय.

आधारवर जन्मतारीख १ जून १९५६. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकलेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची तारीख १ जानेवारी, ती आधारवाल्यांनी टाकलेली. हे आजोबा म्हणतात, “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, सुकडी खाल्ली. माह्या वयाचा पुरावा अजून काय पाहिजे?” दुष्काळात सोळा वर्षांचे होते म्हणजे आता एकोणसत्तर. सत्तरीला चार-साडेचार महिने कमी.

“ताई, तेवढे चार महिने सरकव ना पुढं.” ते मी करत नाही. आधारवरची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, तीही कागद दाखवून.

गेल्या जानेवारीत अगदी असेच एक जण आले होते. दुकानात गर्दी होती. मी आधार पाहिलं आणि म्हटलं, “बाबा, तुम्ही बसत नाही. जूनमध्ये या.” एका ओळीत काम संपलं. एप्रिलमध्ये त्यांच्या छातीत दुखलं. घरच्यांनी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. योजनेबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की बाबा बसत नाहीत. घरात केशरी रेशन कार्ड होतं. स्टेंट त्याच कार्डावर, योजनेतल्या रुग्णालयात बसला असता. माणूस वाचला, बैलजोडी गेली.

जूनमध्ये मुलगा वय वंदना काढायला आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “ताई, तुम्हीच तर म्हणल्या व्हत्या बसत नाही म्हणून.”

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही आणली. ज्यांना आज कार्ड मिळत नाही त्यांच्यासाठी. दोन रकाने आखले. डावीकडे ‘कधी’, उजवीकडे ‘तोवर’. आता उजवा रकाना भरल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही.

खडी फोडणाऱ्या आजोबांचा रकाना असा भरला. कधी: १ जून २०२६. तोवर: केशरी कार्ड, फुले योजना, घरात सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाख. दुखलं तर आधार आणि रेशन कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात. तिथे मदतीला आरोग्यमित्र. मी दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. ते “हाव, समजलं,” म्हणाले आणि गेले.

दुपारी २

भाकरी, मेथीची भाजी, आणि डाव्या कानाला फोन. अमेरिकेतून. तिकडे मध्यरात्र उलटलेली, पण आई देऊळगावात एकटी असली की झोप कुठली! आईचं कार्ड मी परवा काढलं होतं. मुलाची शंका होती, एवढं फुकट आहे तर बाहेर राहिलं काय?

मी म्हटलं, तुमच्याकडच्या मेडिकेअरवरूनच बघा. १९६५ च्या कायद्याने आलेलं, पासष्टीला लागू होतं. त्यातही दवाखान्यात भरती होणं एका भागात आणि डॉक्टरची भेट दुसऱ्या भागात, तिला महिन्याचा हप्ता. घरी खायच्या गोळ्यांचा भाग तर २००६ मध्ये आला. आपल्या कार्डात यातला भरतीचाच भाग आहे. योजनेच्या नियमात भरतीआधीचे तीन दिवस आणि सुटल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेत. रोजच्या गोळ्या, साधी तपासणी, गावातल्या डॉक्टरची फी त्यात नाही.

“म्हणजे बीपीच्या गोळ्या आपल्याच,” तो म्हणाला. त्या गोळ्यांचं पुढे पाच वाजताच्या नोंदीत सांगते.

दुपारी ३.३०

माजी सैनिक. नायक म्हणून निवृत्त, वय ७३, बोलणं दोन शब्दांत. त्यांना ईसीएचएस आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांची सीजीएचएस, सैनिकांची ईसीएचएस, अशी योजना असेल तर दोन्हींतली एकच निवडावी लागते. ईसीएचएसमध्ये त्यांना ओपीडी आणि औषधंही मिळतात. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, निवडीचा प्रश्न वाचून दाखवला आणि म्हटलं, “साहेब, घरी विचार करून या.”

“विचार झाला. नको.” कडक सलाम ठोकून गेले. दिवसातलं सगळ्यात छोटं गिऱ्हाईक, आणि मला कार्ड न काढल्याचं समाधान.

दुपारी ४.१५

एका सुनेचा जालन्याहून फोन. सासू घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. काउंटरवर आगाऊ रक्कम मागतायत, कार्ड आहे म्हटलं तर “बघू” म्हणतात.

मी पहिला प्रश्न विचारते, “आरोग्यमित्र कुठे बसतो, पाहिलं का?” योजनेतल्या रुग्णालयात त्याचा कक्ष असतो. भरतीच्या काउंटरच्या आधी तिथे जायचं. तो कागद घेतो, नोंद करतो, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमान्यता मागवतं. अपघात किंवा हार्ट अटॅक असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. मान्यता मिळाली की ऑपरेशन, औषधं, खाटेचं भाडं, रुग्णाचं जेवण, यासाठी पैसे द्यायचे नाहीत. फुले योजनेत तर सुटल्यावर रुग्णाच्या घरी परतायच्या एसटीच्या भाड्याचीही तरतूद आहे. ते फारसं कुणी मागत नाही, कारण फारसं कुणाला ठाऊकच नाही. आणि तरीही कुणी अडवलं तर १५५३८८ हा फुले योजनेचा नंबर, १४५५५ हा आयुष्मानचा.

जालना जिल्हा वेगळा, विभाग वेगळा, मग आपलं कार्ड चालेल का, ही तिची दुसरी भीती. आपण विदर्भातले, दवाखान्याला मात्र मराठवाड्यात जातो. बुलढाण्याला मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये आलं, पण आमच्या गावाहून जालना त्याच्या निम्म्यानेही लांब नाही. मोठं दुखणं असलं तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. कार्डाला जिल्ह्याची हद्द नाही. अंगीकृत रुग्णालय असलं की झालं.

वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला: “कक्ष सापडला. जिन्याखाली होता.”

संध्याकाळी ५

शेतातून परतणाऱ्यांची वेळ. बायका येतात, पदराला तुरीचं भूस चिकटलेलं. त्यांचा प्रश्न एकच असतो, “गोळ्यायचं काय?” महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घराला कुरतडतात. ऑपरेशन जन्मात एकदा, गोळी रोज.

कार्ड इथे कामाचं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. मग उजवा रकाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे मिळतात, नावाची नोंद ठेवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही सरकारी रुग्णालयात पूर्वीपासून मोफत होतं, त्यासाठी पाच लाखांचा डबा उघडायची गरज नाही.

एक माय म्हणाली, “तिथं रांग लई असते.” असते. ते मी वहीत खोडू शकत नाही.

संध्याकाळी ६.३०

दुकान भाच्यावर सोडून मोबाइल आणि पॉवर बँक घेऊन एका घरी जाते. पक्षाघात झालेले आजोबा, ८१ वर्षांचे, वर्षभर बाजेवर. त्यांना दुकानात आणणं शक्य नाही, मोबाइल मात्र बाजेपर्यंत जातो. खोलीत उजेड कमी, चेहरा धरेना. सुनेने बाज खिडकीशी ओढली, नातवाने टॉर्च मारला. डावी पापणी अर्धीच मिटते. सातव्या खेपेला जमलं.

निघताना घरच्यांना बजावलं, या कार्डासाठी कुणी फोन करून ओटीपी मागेल, कार्ड ‘चालू’ करायचे पैसे मागेल, तर फोन ठेवून द्यायचा. सून म्हणाली, “मागच्याच हप्त्यात आलता.” दिला का ओटीपी? “सासऱ्यानं फोन हिसकून बंद केला. बोलता येत नाही त्यायले, पण कळते सारं.”

रात्री ८

शटर अर्धं खाली घेतलं. दिवसभरात चौदा कार्डं निघाली, चार अडकली, एक मुद्दाम काढलं नाही. वही उघडून उजवे रकाने एकदा नजरेखालून घातले. जून २०२६ चं पान जवळजवळ भरलंय. १ जूनला सर्व्हर नक्की बसणार, म्हणून सगळ्यांना सकाळी सातची वेळ दिली आहे.

फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

“ताई, दुपारी आमचे हे तुमच्याकडं आलते, खडीवाले. घरी येऊन म्हणतेत, आपण काही बसत नाही बाप्पा, जूनमध्ये पाहू. खरं हाय का?”

वीस मिनिटं समजावलं होतं. म्हणवूनही घेतलं होतं. दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत त्यातलं ‘बसत नाही’ तेवढं उरलं. आणि छातीत कळ आली तर धावपळ करणार ही बाई. आजोबा तेव्हा बोलायच्या अवस्थेत तरी असतील का?

मी शटर पुन्हा वर केलं, खुर्चीत बसले. “मावशी, रेशन कार्ड कुठं ठेवलंय तुमचं? आधी ते हातात घ्या. घेतलं? कोणत्या रंगाचं आहे?” तिथून सुरुवात केली.

फोन ठेवल्यावर पट्टी घेतली आणि वहीत तिसरा रकाना आखला: ‘घरी कुणाला सांगितलं’.